सात इंची ड्रमला नवे शू टाकले, तरी बुलेटचा पुढचा ब्रेक लागत नाही

ओंकार_सातारा

नमस्कार मंडळी.

गाडी बुलेट ३५०, १९८६ ची. बाबांनी घेतलेली, आता मी चालवतो. पुढचा ड्रम मूळचा सहा इंची होता. चार वर्षांपूर्वी चाकाला नवे स्पोक घातले, तेव्हा जुन्या बाजारातून सात इंची ट्विन लीडिंगचा हब (चाकाचा मधला भाग, ज्यात ड्रम असतो) मिळाला, तो बसवला. आत दोन शू (ड्रमला आतून दाबणारे अर्धगोल तुकडे), दोघांना आपापला कॅम (शूला ड्रमकडे ढकलणारा), बाहेर दोन लिव्हर आणि त्यांना जोडणारी एक दांडी, असा तो प्रकार आहे.

गेल्या रविवारी पुढचे शू बदलले. स्वतःच्या हातानं पहिल्यांदाच. केबल सोडली, फोर्कच्या खालच्या कॅपचे चार नट काढले, चाक खाली घेतलं. जुन्या दोन शूंपैकी एकाचा लायनर, म्हणजे वरचा घासणारा थर, पार रिव्हेटपर्यंत आलेला. नख फिरवलं की पितळ लागत होतं. दुसरा मात्र जवळजवळ आख्खा, फक्त वरून काचेसारखा चकाकणारा. मला वाटलं, हब विकणाऱ्यानं कधीतरी एकच बदलला असेल. मी दोन्ही नवे टाकले, कॅमला बोटभर ग्रीस लावलं, स्प्रिंगा चढवल्या, चाक परत बसवलं. लिव्हर आणि दांडी होती तशीच ठेवली.

आता त्रास असा. ब्रेक आधीपेक्षा कमी लागतोय. हँडलवरचा लिव्हर दाबला की जवळजवळ मुठीला टेकतो, आणि दाबताना स्पंज दाबल्यासारखं वाटतं. गोडोलीच्या मोकळ्या रस्त्यावर ताशी ४० वर नुसता पुढचा ब्रेक मारून पाहिला. थांबेपर्यंतचं अंतर पावलांनी मोजलं, ३१ पावलं झाली. थांबताना शेवटी बारीक चीं असा आवाजही येतो.

दुसरं जास्त घाबरवणारं. मंगळवारी आईला घेऊन यवतेश्वरच्या घाटानं वर जात होतो. वळणावर समोरून एसटी आली म्हणून चढावरच थांबलो. डावा पाय जमिनीवर, उजव्या हातानं पुढचा ब्रेक गच्च दाबलेला. तरी गाडी हळूहळू मागे सरकायला लागली. आमच्या गाडीचा मागचा ब्रेक डाव्या पायाला. घाईघाईनं उजवा पाय टेकला, डावा उचलून पेडलवर ठेवला, तेव्हा थांबली. तेवढ्या वेळात हातभर मागे गेलो होतो. आई काही बोलली नाही, पण तिनं माझा शर्ट मागून घट्ट धरला होता.

बाबा म्हणतात, "सहा इंचीवर ही गाडी चढावर जागची हलत नव्हती. तू मोठा ड्रम घालून काय मिळवलंस?" मला उत्तर देता आलं नाही.

शू खराब निघाले का? बदलून आणू का? की बसवण्यात काही चुकलं?

हायवेपक्षी

मित्रा, सरळ डिस्क टाकून घे. मी दोन वर्षांपूर्वी टाकली. फोर्कचा एक पाय, हब, कॅलिपर, हँडलवरचा मास्टर सिलिंडर असा सगळा सेट बदलावा लागतो, खर्च होतो, पण एका बोटानं गाडी थांबते. ड्रमच्या मागे लागून आयुष्य जाईल.

मेघना_चिपळूण

ओंकार, ब्रेकचं जाणकार सांगतीलच, मला एक वेगळंच विचारायचंय. जुना ड्रम उघडल्यावर आतली काळी धूळ कशी साफ केलीस? तोंडानं फुंकली असशील किंवा कॉम्प्रेसरची हवा मारली असशील तर पुढच्या वेळी कृपा करून तसं करू नकोस. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचा. बाजारातून आलेल्या जुन्या हबमधले शू कधीचे, कशाचे, हे आपल्याला कळत नाही. ती धूळ एकदा छातीत गेली की बाहेर येत नाही, आणि तिचा त्रास वीस-तीस वर्षांनी दिसतो. गॅरेजमध्ये पोरं हवेच्या पाइपनं ड्रम उडवतात आणि शेजारी बसून चहा पितात, ते बघून माझा जीव खालीवर होतो. पाण्याचा फवारा मारायचा, चिखल झाला की ओल्या फडक्यानं पुसायचा, फडकं पिशवीत बांधून टाकायचं. तोंडाला चांगला मास्क हवाच.

लेथमास्तर

ओंकार, मी कोल्हापूरला उद्यमनगरात ३४ वर्षं लेथवर उभा होतो. त्यातली निम्मी वर्षं ड्रम आणि शू यांच्यातच गेली. शू परत करू नकोस. दुखणं काय आहे ते तूच लिहून ठेवलंयस, फक्त त्याच्याकडं तुझं लक्ष गेलं नाही.

एक शू रिव्हेटपर्यंत झिजला आणि दुसरा आख्खा राहिला. कुणी एकच बदललेला नाही बाबा. चार वर्षं तुझी गाडी एकाच शूवर थांबत होती. दुसरा ड्रमला नुसता चाटून जात होता, जोर लावतच नव्हता, म्हणून त्याच्यावर ती काचेची चकाकी आली. दांडीची लांबी चुकलेली आहे. केबल ओढली की पहिला शू आधी टेकतो, तिथंच सगळं अडतं, दुसऱ्याच्या वाट्याला काही येतच नाही. तू शू नवे घातलेस, पण दांडी तशीच ठेवलीस, म्हणजे आजही एकच शू काम करतोय.

मग आधीपेक्षा कमी का लागतो? तो जुना शू झिजून झिजून ड्रमच्या गोलाईत मुरला होता, सगळ्या अंगानं टेकत होता. नवा अजून मुरलेला नाही. जुना ड्रम आतून वापरानं थोडा मोठा झालेला असतो. नव्या शूची गोलाई मूळ मापाची, म्हणजे सात इंच, १७७.८ मिलिमीटर. लहान गोलाई मोठ्या गोलाईत ठेवली की पोटाशी टेकते आणि दोन्ही टोकांना फट राहते. खात्री करायची तर लायनरवर आडवा खडू ओढ, चाक बसव, ब्रेक अगदी हलका धरून चाक हातानं चारपाच वेळा फिरव आणि उघडून बघ. जिथला खडू गेला तेवढाच तुझा ब्रेक.

आता घाटातलं. तुझ्या वडिलांचं म्हणणं खरं आहे, आणि तुझ्या ब्रेकमध्येही त्या बाबतीत दोष नाही. चाक पुढं फिरतं तेव्हा ड्रम शूला कॅमच्या टोकाकडून टाचेकडं, म्हणजे दुसऱ्या टोकाकडं, ओढत नेतो. त्या ओढीनं शू आणखी रुततो, दाराखाली सारलेली पाचर दार ढकलल्यावर घट्ट व्हावी तसा. तुझ्या हाताच्या जोरात ड्रम स्वतःची भर घालतो. ट्विन लीडिंगमध्ये दोन्ही शू असे, म्हणून पुढं जाताना तो सहा इंचीपेक्षा सरस. पण चाक उलटं फिरायला लागलं की तीच ओढ दोन्ही शूंना ड्रमपासून बाहेर ढकलते. पाचर उलट्या बाजूनं ढकलली तर निघूनच येते. सहा इंचीत एक शू पुढच्या दिशेचा आणि एक मागच्या दिशेचा असतो, म्हणून तो दोन्हीकडं सारखाच धरतो. ब्रेक कितीही सुंदर लावलास तरी चढावर ही गाडी पुढच्या ब्रेकवर उभी करायची नाही. उजवा पाय खाली, डावा पेडलवर. आई मागं बसते म्हणतोस, तर ही सवय आजच लावून घे.

आता हात काळे करायचं काम, याच क्रमानं कर.

आधी केबल. दुसऱ्या कुणाला तरी लिव्हर दाबायला सांग आणि तू केबलकडं बघत बस, हेडलाइटजवळच्या वळणाकडं मुद्दाम. दाबल्यावर बाहेरचं कव्हर सरळ व्हायला धडपडत असेल तर तुझ्या हाताचा निम्मा जोर तिथंच मरतोय. स्पंजासारखं लागणं बहुतेक तिथून येतं. अशी केबल बदलायची, तेल पाजून उपयोग नाही. नवी आणलीस तरी बसवायच्या आधी तेल पाज. पॉलिथिनच्या पिशवीचा कोपरा कापून केबलच्या वरच्या टोकाला रबरानं बांध, त्यात चमचाभर इंजिन ऑइल ओत आणि रात्रभर खिळ्याला टांगून ठेव. सकाळी खालच्या टोकाला थेंब आला की झालं.

मग खडूची परीक्षा. नुसत्या पोटाशी टेकत असेल तर ८० नंबरचा पॉलिश पेपर ड्रमच्या आत दुहेरी टेपनं चिकटवायचा, शूसकट बॅकप्लेट (शू जिच्यावर बसतात ती थाळी) आत ठेवायची, लिव्हर बोटानं किंचित दाबून प्लेट फिरवायची. मधेमधे काढून बघायचं. चारातले तीन हिस्से अंग टेकायला लागलं की थांब, उरलेलं रस्त्यावर मुरतं. मेघनाताईंनी धुळीचं सांगितलंय ते इथंही पाळ. उघड्यावर बस, मास्क लाव.

शूचं कॅमकडचं तोंड, म्हणजे जिथून ड्रम शूवर चढतो ते टोक, कानशीनं थोडं उतरतं कर. पाचसहा मिलिमीटर पुरे. चीं आवाज या धारदार तोंडामुळं येतो. आणि बोटभर ग्रीस लावलंयस ते पुसून काढ. कॅमच्या दांड्याला आणि तोंडाला नुसता हात फिरवावा इतकंच हवं. ड्रम तापला की जास्तीचं ग्रीस वितळून लायनरवर येतं, आणि ग्रीस प्यायलेला लायनर जाळून, पेट्रोलनं धुऊन, काही केलं तरी सुधारत नाही.

आता दांडी. गाडी डबल स्टँडला लाव, चाक अधांतरी पाहिजे. दांडीची एका बाजूची पिन काढ, म्हणजे दोन्ही लिव्हर सुटे झाले. केबलचा ॲडजस्टर फिरवत फिरवत पहिला शू नुसता घासायला लागेल इथपर्यंत आण. चाक फिरवलं की बारीक सरसर ऐकू येईल. मग दुसरा लिव्हर हातानं ढकल, तो घट्ट टेकतो तिथं धरून ठेव. या अवस्थेत दांडीची लांबी अशी कर की पिन बोटानं आत गेली पाहिजे. ठोकून नाही, ओढून नाही. लॉकनट आवळ. मग केबल परत ढिली करून चाक मोकळं कर.

शेवटी बॅकप्लेटचा स्पिंडलवरचा (चाकाच्या मधल्या दांड्यावरचा) नट थोडा सैल कर, ब्रेक जोरात दाबून धर आणि दाबलेल्यातच नट आवळ. त्यानं शू आपोआप ड्रमच्या मध्यावर येतात. फोर्कच्या कॅपांचं पण तसंच. एका बाजूच्या दोन नटांवर नुसतं बोट फिरव, गाडी खाली घेऊन शॉकअप चारपाच वेळा दाब, मग ते आवळ. नाहीतर फोर्कचे पाय एकमेकांना ओढत राहतात.

एक सांग. ब्रेक मारताना लिव्हर हाताला ठोके देतो का?

ओंकार_सातारा

काका, तुम्ही इतकं सविस्तर लिहिलंत, मी दोनदा वाचून काढलं. घाटातलं वाचल्यावर बाबांनाही वाचून दाखवलं. ते म्हणाले, "मग तसं आहे तर."

लिव्हर ठोके देत नाही. थांबताना एकसारखाच लागतो. हे का विचारलंत?

मेघनाताई, मी फुंकली होती. पुढच्या वेळी नाही फुंकणार. या वेळी कपडे धुणारा फवारा घेऊन बसतो.

लेथमास्तर

ठोके देत असता तर ड्रम गोल राहिलेला नाही असं समजलो असतो. तू स्पोक नवे घातलेस म्हणालास म्हणून शंका आली. स्पोक ताणले की ते हबला सगळीकडून खेचतात, कुठं जास्त, कुठं कमी, आणि ड्रम किंचित अंडाकृती होतो. त्यामुळं ड्रमला कट मारायचा, म्हणजे आतून कातून गोल करायचा, तो स्पोक ताणून झाल्यावर, आख्खं चाक लेथवर चढवून. सुटा हब आणून दिलेल्या लोकांना मी कित्येकदा परत पाठवलंय. टायर काढला तरी १९ इंची रिंग साध्या लेथवर फिरत नाही, गॅप बेडचा, म्हणजे मोठं चाक मावायला खाच असलेला लेथ लागतो. तुझा ठोके देत नाही म्हणजे त्या ड्रमला हात लावू नको. प्रत्येक कट म्हणजे ड्रमचं तेवढं आयुष्य कमी, आणि शूला तेवढं जास्त पसरावं लागतं.

हायवेपक्षी

मास्तर, उलट फिरताना शू सुटतो हे मला माहीत नव्हतं. माझ्या जुन्या ड्रमला मी याच कारणासाठी शिव्या दिल्या होत्या. ओंकार, डिस्कचं थांबव, आधी हे करून बघ.

ओंकार_सातारा

काम झालं. शनिवारी दुपारी सुरू केलं, रविवारी सकाळी केबल बसवून संपवलं. जे दिसलं ते लिहितो, कुणाला तरी उपयोगी पडेल.

केबल बघताना बाबांना लिव्हरवर बसवलं. ते पायरीवर खुर्ची टाकून बसले, त्यांचा हात हँडलपर्यंत पोचतो. मी हेडलाइटशेजारी डोकं घातलं. त्यांनी दाबलं आणि केबलचं वळण चक्क अर्धा इंच वर उचललं गेलं. खालचा लिव्हर हलायच्या आधी! रोज गाडी चालवतो, रोज ती केबल डोळ्यासमोर असते, पण कधी दिसलं नव्हतं. कव्हर एका ठिकाणी मोडल्यासारखं मऊ झालं होतं. नवी आणली, रात्रभर पिशवी बांधून टांगली. सकाळी खाली ठेवलेल्या वर्तमानपत्रावर तेलाचा गोल डाग होता.

खडूचा निकाल काकांनी सांगितला तसाच. पहिल्या शूवर मधोमध दोन बोटं रुंद पट्टा पुसलेला, बाकी खडू जसाच्या तसा. दुसऱ्या शूवर एक रेघसुद्धा गेली नव्हती. पूर्ण पांढरा. तो शू हातात घेऊन मी बराच वेळ बघत बसलो. चार वर्षं या ब्रेकवर मी आईला, बायकोला, मुलीला मागे बसवून हिंडवलंय.

पॉलिश पेपरचं काम धीराचं आहे. पहिल्या अर्ध्या तासात काहीच बदलत नाही असं वाटतं. मग पट्टा तीन बोटं झाला, मग चार, आणि शेवटी टाचेकडचं थोडं टोक सोडून सगळं अंग टेकायला लागलं. ग्रीस पुसलं, तोंडं उतरती केली.

दांडी अडीच आटे कमी-जास्त निघाली. एवढीशीच चूक. पिन पहिल्यांदा आत जाईना, मी हातोडी उचलली, मग तुमचं वाक्य आठवलं आणि खाली ठेवली. अर्धा आटा आणखी फिरवला, पिन बोटानं आत गेली.

गोडोलीच्या रस्त्यावर तशीच परीक्षा घेतली. त्याच खांबापाशी, ताशी ४०, फक्त पुढचा ब्रेक. १९ पावलं. परत केलं, १९. लिव्हर आता मुठीपासून दोन बोटं लांब राहतो आणि दाबल्यावर कडक लागतो. आवाज गेला.

मग बाबांना मागे बसवून पोवई नाक्यापर्यंत नेऊन आणलं. गुडघ्यांमुळे ते वर्षभर गाडीवर बसले नव्हते. मी एकदा नेहमीसारखा ब्रेक मारला, तर मागून आवाज आला, "आता शॉकअप बसतोय बघ."

यवतेश्वरला पण गेलो. एकटाच. चढावर मुद्दाम थांबून नुसता पुढचा ब्रेक धरला. गाडी मागे सरकली, पण या वेळी का सरकते ते माहीत होतं. उजवा पाय खाली, डावा पेडलवर, असं दहा वेळा थांबून निघालो. पाय अजून विसरतो.

लेथमास्तर

शाब्बास. १९ पावलं चांगली आहेत, शू मुरले की आणखी एकदोन कमी होतील. पहिले २०० किलोमीटर एकदम जोरात ब्रेक मारू नको. ताशी ४० वरून १५ वर आण, सोड, ड्रमला गार होऊ दे, परत कर. २०० झाले की दांडी पुन्हा तपास, दोन्ही शू सारखे मुरत नाहीत, पाव-अर्धा आटा लागेल.

जुने शू फेकलेस का? त्यांचं ॲल्युमिनियमचं अंग चांगलं असेल तर त्याच्यावर नवा जाड लायनर मारून मिळतो. तो तुझ्या ड्रमच्या मापाला लेथवर कापून घेतला की पॉलिश पेपरची मेहनत वाचते. पुढच्या वेळेसाठी ठेव.

मेघना_चिपळूण

ठेवणार असशील तर ओल्या फडक्यानं पुसून बंद पिशवीत ठेव, मुलीच्या हाताला लागणार नाहीत अशा जागी. आणि पावसाळा येतोय. ड्रममध्ये पाणी शिरलं की पहिला ब्रेक लागतच नाही. आमच्याकडे कुंभार्ली उतरताना मी ओढ्याचं पाणी ओलांडलं की पुढे मोकळा रस्ता बघून थोडं अंतर लिव्हर हलका धरून चालवते, लायनर गरम होऊन वाळतात. वळणावर पोचायच्या आधी.

ओंकार_सातारा

शू ठेवलेत, पुसून, पिशवीत, माळ्यावर. ब्रेक वाळवायचं लक्षात ठेवतो. २०० किलोमीटर झाले की दांडीचं काय निघालं ते इथेच लिहीन. आजपर्यंत ३८ झालेत.